इन्सास नक्की कुठे अडली?

इन्सास म्हणजे आपल्या सैन्याची देशी बनावटीची रायफल, आणि एके म्हणजे रशियन एके-४७ च्या घराण्यातली. दापोलीच्या एका भरतीवाल्या मुलाने विचारलंय, "इन्सास एकेची नक्कल होती, म्हणूनच फसली ना? आणि एके-२०३ आल्यावर आता तिचं काय?" माझी सगळी नोकरी आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) म्हणून कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात गेली, सध्या मुक्काम गुहागर. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नकलेचा मुद्दा आधी निकालात काढू. इन्सासचं वरचं झाकण काढलंस की आत एकेच दिसते. बोल्ट कॅरियरला जोडलेला लांब पिस्टन, फिरून लॉक होणारा बोल्ट. गॅस रेग्युलेटर (पिस्टनला ढकलणारा वायू कमी-जास्त करणारा भाग) मात्र एसएलआरच्या, म्हणजे सैन्याच्या आधीच्या रायफलीच्या घराण्यातला. कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) जर्मन रायफलींसारखं डावीकडे, म्हणजे उजवा हात पिस्टल ग्रिपवरून न हलवता कॉक करता येते. इस्रायलची गलीलही एकेवरूनच निघाली, तिला कोणी नावं ठेवत नाही. पुण्यात पाषाणला एआरडीई या हत्यारं घडवणाऱ्या सरकारी संस्थेने जे उचललं ते पारखूनच उचललं होतं.

घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. ऐंशीच्या दशकात ठरलं की ७.६२ मिमी गोळीची एसएलआर सोडून ५.५६ मिमीवर जायचं, आणि एकाच यंत्रणेवर तीन हत्यारं काढायची: रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल). सुटे भाग बरेचसे सारखे, शिकवणं एक, गोळी एक. कोतवाल्याला याहून काय हवं? शिवाय ५.५६ ची गोळी एसएलआरच्या गोळीच्या साधारण निम्म्या वजनाची. रायफल स्वतः चार किलोच्या वरच राहिली, पण पाउचमधलं ओझं खरंच उतरलं.

प्रत्यक्षात कार्बाइन लष्कराला पटलीच नाही, आणि ९ मिमीची जुनी स्टर्लिंग पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. इन्सासची एलएमजी म्हणजे जाड नळी, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि ३० गोळ्यांचं मॅगझीन. आता एलएमजीचं काम काय, तर सेक्शन (जवानांची छोटी तुकडी) पुढे सरकेपर्यंत समोरच्याचं डोकं खाली दाबून ठेवायचं. त्यासाठी गोळ्यांचा पट्टा लागतो आणि तापली की बदलता येईल अशी नळी लागते. पाटाची लाकडं जाड लावली म्हणून होडीचा ट्रॉलर होत नाही. २०२० मध्ये इस्रायलच्या १६,४७९ नेगेव्ह एलएमजी घ्याव्या लागल्या त्या यामुळेच, आणि त्याही ७.६२ च्या.

वेळही चुकली. १९९० ला रायफल स्वीकारली, पण ५.५६ ची गोळी पुरेशी बनत नव्हती. आज आपल्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात ती बनते, तेव्हा मात्र बाहेरून आणावी लागली. तोवर काश्मीर पेटलं होतं, म्हणून घाईघाईने लाखभर एके परदेशातून आल्या. (आपल्या किनाऱ्याला एकेची ओळख वेगळ्या वाटेने झाली. १९९३ ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडच्या दिघी-शेखाडीकडे उतरलेल्या मालात एके-५६ होत्या, त्यामुळे इथे शाळकरी पोरालाही ते नाव ठाऊक.) १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास लोकांना दिसली, तेव्हा जवानाच्या हाताला एकेची सवय लागून गेलेली. एके धडाधड पूर्ण ऑटो चालते, इन्सासवर सिंगल किंवा एका दाबात तीन गोळ्यांचा बर्स्ट. कागदावर बर्स्ट शहाणपणाचा, गोळ्या वाया जात नाहीत. पण दहा पावलांवर खोलीचं दार उघडणाऱ्याला तो हिशेब कोण समजावणार!

मग कारगिल, १९९९. सगळ्यात जास्त बोललं गेलं ते मॅगझीनबद्दल. वीस गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं, किती गोळ्या उरल्या ते बाहेरून कळावं म्हणून. कल्पना झकास. पण हाडं गोठवणाऱ्या थंडीत ते प्लास्टिक तडकायचं. मॅगझीनच्या वरच्या तोंडाला दोन ओठ असतात, तेच गोळी धरून ठेवतात. त्यातला एक केसभर जरी उघडला तरी गोळी नाक वर करून येते, चेंबरच्या कडेला अडते, आणि रायफल ठप्प. तोंडावर तेल उडण्याच्याही तक्रारी होत्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही माओवाद्यांशी लढताना ती बंद पडल्याची तक्रार केली. सुधारणा झाल्या, पण एकदा मनातून उतरलेलं हत्यार परत चढत नाही. माझ्या मते आराखड्याला जेवढ्या शिव्या पडल्या, त्यातल्या निम्म्या प्लास्टिकच्या आणि कारखान्यातल्या तपासणीच्या वाट्याच्या होत्या.

आता पुढचं. २०१९ ला ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, ७.६२ बाय ५१ मिमी काडतुसाच्या. २०२१ च्या अखेरीस अमेठीजवळ कोरव्याला सहा लाखांहून जास्त एके-२०३ बनवायचा करार झाला, त्या ७.६२ बाय ३९ च्या, म्हणजे आखूड काडतुसाच्या. म्हणजे एकाच गोळीवर सगळी सेना हा विचारच मागे पडला. जवान खूश असेल, कोतवाला नाही.

तरी तुझ्या हातात इन्सास येईलच, एनसीसीत नाहीतर पोलिसात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एक लक्षात ठेव. नळी आतून क्रोमची असल्याने टिकते. गंज धरतो तो गॅस ब्लॉकला (नळीतून वायू घेणारा भाग), फोरसाइटच्या (पुढच्या माशीच्या) बुडाशी आणि स्लिंग (खांद्याचा पट्टा) अडकवायच्या कडीखाली, कारण ओली स्लिंग तिथेच टेकते. पावसाळ्यात फायरिंग नसलं तरी तिथे चिंदी फिरव, पिस्टन कोरडा पूस, तेल नावापुरतं लाव. मॅगझीनच्या आत मात्र तेल घालू नकोस, पुळणीची वाळू आत चिकटून बसते.