घर पाहावं बांधून : खाणगावातलं दगडी घर आणि मुलुंडचा फ्लॅट

प्रश्न : ताई, आमची मुलगी ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. चार वर्षं भाड्याने राहते. आता तिला ऱ्होंडा खोऱ्यात ट्रेहर्बर्टला घर घ्यायचंय. दगडी घर, खाली-वर दोन-दोन खोल्या, किंमत १ लाख २० हजार पौंड. पूर्वी ते खाणगाव होतं म्हणे. ह्यांनी ॲबरफॅनबद्दल वाचलं आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. इर्शाळवाडी आम्ही टीव्हीवर पाहिली आहे. डोंगराखाली, खाणीच्या डोक्यावर घर घ्यावं का? थोडे पैसे आम्ही देणार आहोत, तर घर तिघांच्या नावावर करावं का? मुलुंडच्या आमच्या फ्लॅटवर तिचं नाव आहेच.
– एक आई, मुलुंड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ट्रेहर्बर्टला जाणाऱ्या रेल्वे लाइनवरच मी दहा वर्षं संसार केला आहे. २००३ मध्ये नर्स म्हणून गेले, २००९ मध्ये ट्रिऑर्कीच्या वरच्या अंगाला ७२ हजार पौंडांना घर घेतलं आणि २०१९ मध्ये आईसाठी लालबागला परत आले. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुमच्या यजमानांना ते पूर्ण वाचून दाखवा.

आधी ॲबरफॅन, तेही वेल्समधलंच खाणगाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवारची सकाळ. खाणीतून निघालेला दगडमातीचा कचरा डोंगरावर ढीग करून टाकत असत. त्यातला सात नंबरचा ढीग घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ लेकरं. तो ढीग झऱ्यावर रचला होता. पाणी मुरत गेलं, आतून चिखल झाला आणि सगळा ढीग सुटला. इर्शाळवाडीत डोंगरच खाली आला, इथे माणसांनी रचलेला ढीग आला. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण रचलेल्या ढिगाची नोंद ठेवता येते, त्यावर माणूस पाठवून तपासणी करता येते. १९६९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आज वेल्समध्ये असे सुमारे अडीच हजार बंद पडलेले ढीग आहेत आणि वेल्स सरकारने त्यांचा नकाशा वर्गवारीसकट सर्वांसाठी खुला केला आहे. मुलीला घराचा पिनकोड टाकून तो नकाशा बघायला सांगा. वरच्या डोंगरावर ‘सी’ किंवा ‘डी’ म्हणजे जास्त धोक्याच्या वर्गातला ढीग असेल तर शेवटची तपासणी कधी झाली, हे कौन्सिलला लेखी विचारायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळात टायलर्सटाउनचा ढीग घसरला, तेव्हा माझ्या जुन्या शेजारणीने मला व्हिडिओ पाठवला होता. डोंगराची हिरवी बाजू फाटून काळा लोंढा नदीत उतरत होता. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. पण यजमानांची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. ती नकाशावर बोट ठेवून तपासता येते, एवढंच म्हणते.

आता पायाखालची खाण. घर घेताना मुलीचा सॉलिसिटर कोळसा खाणीचा अहवाल मागवतो. पूर्वीच्या कोल ऑथॉरिटीचं नाव नोव्हेंबर २०२४ पासून मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटी झालंय, खाणींच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. घराखाली कोणत्या थरातून कोळसा काढला, घरापासून २० मीटरच्या आत खाणीचं जुनं तोंड आहे का, जमीन खचल्याचा दावा पूर्वी कुणी केला होता का, हे त्यात येतं. कोळशाच्या खाणीमुळे घर खचलं, तर १९९१ च्या कायद्याने दुरुस्ती किंवा भरपाई मिळते. माझ्या अहवालात खाली खाण होती, आणि त्या खोऱ्यात ती बहुतेकांच्या घराखाली असते. मी घाबरले ते ‘२० मीटरच्या आत काय आहे’ हा रकाना वाचेपर्यंत. तो रिकामा होता.

खरं सांगू? त्या खोऱ्यात मला कोळशापेक्षा पाण्याची धास्ती जास्त वाटायची. ट्रेहर्बर्टच्या खालच्या अंगाला पेंट्रे नावाचं गाव आहे, त्याच डेनिस वादळात तिथल्या घरांत पाणी शिरलं. पुराचा नकाशाही पिनकोडवर मिळतो. तोही बघा.

आणि भिंत. त्या घराच्या भिंतीबद्दल मला दोन पानं लिहिता येतील. ही घरं साधारण १८७० ते १९१४ या काळातली, पेनंट नावाच्या करड्या वालुकाश्माची, खिडक्यांच्या कडांना विटा, वर स्लेटचं छप्पर. भिंत भरीव असते, मध्ये पोकळी नसते. मूळ बांधकाम चुन्याचं, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर निघून जायची. पुढे कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतं आणि ओल आत कोंडते. माझ्या मागच्या खोलीत पहिल्या हिवाळ्यात कपाट हलवलं, तर वॉलपेपर हातात आला. खाली भिंतीवर मिठासारखी पांढरी बुरशी, तिच्या कडेला काळे ठिपके, आणि हात लावला की श्रावणातल्या चाळीतल्या भिंतीसारखी गार. मी ज्याच्याकडून सर्व्हे करून घेतला होता, त्याने अहवालात ‘किरकोळ ओलावा’ एवढंच लिहिलं होतं, आणि नंतर आलेल्या कंत्राटदाराने भिंतीत रसायन भरायचे दीड हजार पौंड सांगितले. शेजारचे आजोबा बघायला आले. त्यांनी खिशातलं नाणं काढून बाहेरच्या गिलाव्यावर खालून वर ठोकत नेलं. कमरेपर्यंत पोकळ आवाज येत होता. म्हणाले, हे सगळं उतरव आणि चुना लाव. उतरवलं, चुना लावला. पुढच्या हिवाळ्यात भिंत कोरडी झाली.

म्हणून मुलीला सांगा, साधा सर्व्हे नको, जुन्या दगडी घरांची जाण असलेल्याकडून तिसऱ्या पातळीचा पूर्ण सर्व्हे करून घे. घर पावसाच्या दिवशी पाहा, कपाटामागे हात घाल. न्हाणीघर बहुधा स्वयंपाकघराच्या मागे तळमजल्यावर असेल. पूर्वी संडास परसात असायचं, त्याला वेल्शमध्ये ‘टी बाख’ म्हणजे ‘छोटं घर’ म्हणतात, आणि न्हाणीघर नंतर मागे जोडलेलं असतं. जोडलेल्या भागाच्या छपरावर लक्ष ठेवा, तिथून गळतं.

घर फ्रीहोल्ड आहे ना, हेही विचारा. त्या खोऱ्यातली बरीच घरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बांधली गेली. मुदत संपली की खाणमजुराचं घर जमीनमालकाचं व्हायचं. १९६७ च्या कायद्याने राहणाऱ्यांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. पागडीच्या खोलीत वाढलेल्या माझ्यासारखीला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता नावाचा प्रश्न, आणि इथे तुम्ही थांबा. घर तिघांच्या नावावर करू नका. वेल्समध्ये स्टॅम्प ड्यूटीऐवजी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स असतो. राहतं घर २ लाख २५ हजार पौंडांच्या आत असेल तर तो शून्य. पण खरेदीदारांपैकी एकाचंही जगात कुठेही दुसरं घर असेल तर वरचा दर लागतो. डिसेंबर २०२४ पासून तो पहिल्या पौंडापासून ५ टक्के आहे. १ लाख २० हजारांवर ६ हजार पौंड! तुम्ही दोघं नावावर आलात की तो लागणार. आणि मुलुंडच्या फ्लॅटमधला मुलीचा हिस्सा ४० हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५ ते ५० लाख रुपयांच्या, वर जात असेल तर तो तिच्या एकटीच्या नावावरही लागू शकतो. फ्लॅटवर मुलांची नावं लावायची आपल्याकडे रीत आहे, आणि हिशेब नेमका तिथे चुकतो. इथल्या वकिलाकडून तिच्या हिश्श्याची किंमत लेखी घ्या आणि तिच्या सॉलिसिटरला आधीच सांगा. लपवू मात्र नका.

पैसे भेट म्हणून द्या. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण सध्या १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तरी तोवर तेवढी रक्कम अडकते. तिथला सॉलिसिटर पैसा कुठून आला ते विचारेलच. एफडी मोडली असेल तर पावती ठेवा, आणि ‘ही भेट आहे, कर्ज नाही, घरावर आमचा हक्क नाही’ असं पत्र तयार ठेवा. आणि हो, इथल्यासारखं टोकन तिथे देऊ नका. ऑफर मान्य झाली तरी करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. डिपॉझिट तेव्हाच, सॉलिसिटरच्या खात्यातून. एस्टेट एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, हे मुलीने विसरू नये.

माझं मत विचाराल तर अहवाल स्वच्छ आले तर घ्यावं. तिला तिथे राहायचं आहे, नोकरी आहे, कार्डिफ रेल्वेने तासाभरावर आहे.

प्रश्न : लिलावात वेल्सच्या खाणगावातली घरं फार स्वस्त मिळतात असं कळलं. मुंबईत बसून एखादं घेऊन भाड्याने द्यावं का? व्हिसाला त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : व्हिसाला काहीही उपयोग नाही. ब्रिटनमध्ये घर घेतल्याने राहायचा हक्क मिळत नाही. लिलावात हातोडा पडला की करार झाला, साधारण १० टक्के लगेच आणि बाकीचे बहुधा २८ दिवसांत. न पाहिलेल्या घराच्या मागे जपानी नॉटवीड या चिवट तणाचं रान माजलेलं निघालं, तर घर पुढे गहाण ठेवणं आणि विकणं दोन्ही अवघड. भाड्याने द्यायचं तर रेंट स्मार्ट वेल्सकडे नोंदणी, आणि परवाना असलेला एजंट. हे सगळं जमेलही. तरी तुम्ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या घरांच्या भिंती शेजारच्या घरांशी सामाईक असतात. एक घर कुलूपबंद पडलं की दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या घरात ओल जाते. मी ते पाहिलं आहे. गिरणगावातल्या खोल्या बाहेरच्यांनी घेऊन बंद ठेवल्या, तेव्हा मजल्यावर दिवा लागेनासा झाला, तेही पाहिलं आहे.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मी पत्नीसह वेल्समध्ये मर्थिरजवळच्या खाणगावात राहायला जातोय. रस्ते रिकामे दिसतात, हिवाळ्यात चारला अंधार पडतो. लोक आपल्याला सामावून घेतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बोलतात हो, भरपूर बोलतात. बसस्टॉपवर अनोळखी बाई ‘लव्ह’ म्हणून हाक मारेल. एकाच आडनावाची एवढी माणसं की पूर्वी धंद्यावरून नाव पडायचं, दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. कोकणात ‘कुणाची गं तू?’ विचारतात, तसं तिथे विचारतात. ‘कुच’ हा शब्द शिकून घ्या. जिन्याखालच्या कपाटालाही कुच आणि कुशीत घेण्यालाही कुच.

मघाशी ज्या आजोबांचं सांगितलं, ते मेर्डीच्या खाणीत होते. ऱ्होंडातली ती शेवटची खाण, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. एकदा मी सांगितलं, माझे वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आजोबांनी लगेच विचारलं, किती दिवस चालला? त्यांचा मार्च १९८४ ते मार्च १९८५, वर्षभर. मी म्हटलं, आमचा कुणी मागे घेतलाच नाही. ते काही बोलले नाहीत. उठले, किटली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दारात कोळशाने भरलेली बादली होती. निवृत्त खाणकामगारांना कोळसा फुकट मिळायचा, त्यातला त्यांनी मला दिला होता.

पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंची दारं तुम्हीच वाजवा. जाताना चिवडा न्या, आधी तिखट कमी करून.