शुगर आहे म्हणून हप्ता दीडपट. तरी टर्म विमा घ्यावा का?

प्रश्न : वय ४६, बुटीबोरीत नोकरी. पाच वर्षांपासून शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. बेसा इथल्या फ्लॅटचं १८ लाख कर्ज बाकी. ७५ लाखांच्या टर्मचा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) हप्ता कंपनीनं २२,००० वरून ३३,००० केला. एजंट म्हणतो, त्यापेक्षा ६०,००० हप्त्याची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) घ्या, ८ लाखांचा विमा मिळेल. फॉर्मवर शुगर लिहू नका, असंही तो म्हणतो. काय करू?

उत्तर : टर्मच घ्या, वयाच्या साठ वर्षांपर्यंतचा. ८ लाखांत तुमचं निम्मं कर्जही फिटत नाही.

शुगर लपवू मात्र अजिबात नका. दवाखान्यात भरती होताना केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘शुगर, पाच वर्षांपासून’ असं लिहिलं जातं, आणि क्लेमच्या तपासणीत कंपनी तोच कागद मागवते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला वाद घालता येत नाही; त्याआधी काही झालं, तर लपवलेल्या आजारावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि ते भोगायचं तुमच्या घरच्यांनी. फॉर्म एजंटनं भरला तरी सही तुमची असते. पॉलिसी हातात आली की त्यासोबतची फॉर्मची प्रत वाचा. मधुमेहापुढे ‘नाही’ असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. ३० दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

वाढीव ११,००० अन्याय वाटतील. पण मधुमेहींमधला मृत्युदर आजही इतरांपेक्षा जास्त आहे, लोडिंग (वाढीव हप्ता) त्याचंच. तो घटतोय, हेही तितकंच खरं. अमेरिकेत मधुमेही प्रौढांमध्ये १९८८-९४ या काळात वर्षाला हजारी सुमारे २३ मृत्यू होत. २०१०-१५ मध्ये ते १५ वर आले. सर्वांत जास्त घट हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मृत्यूंमध्ये झाली. आकडे तिथले असले, तरी बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आपल्या मेडिकलमध्येही मिळतात, त्या नियमित घ्या.

म्हणून ‘शुगरवाल्याला म्हातारपणाची कशाला चिंता’ हा हिशेब मला घातक वाटतो. निवृत्तीची तजवीज वयाच्या ८५ वर्षांपर्यंतची धरा. जास्त जगणं म्हणजे डोळे, किडनी, पाय यांवरचा खर्चही जास्त वर्षं. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा सहसा संपतो. स्वतःचा आजच घ्या. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्याचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं असते, ती नोकरीत असतानाच संपू द्या. एंडोमेंटपेक्षा वाचलेले २७,००० आधी या आरोग्य विम्याच्या हप्त्याला लावा.