कोऱ्या चहासारखी लघवी

प्रश्न : माझा थोरला मुलगा २१ वर्षांचा, मुंबईला बोटीवर खलाशी आहे. गणपतीला घरी आला तो ताप घेऊनच. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनबरोबर १४ दिवसांचं प्रायमाक्विन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, घाटी चढताना दोनदा खाली बसला. कावीळ समजून गावात मुळीचा रस देतात तिथे नेलं, दोन दिवस अळणी पेजेवर ठेवलं. शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा हिमोग्लोबिन १३ वरून ६.८ वर आलं होतं. ‘रक्त आतल्या आत फुटतंय’ असं सांगून डॉक्टरांनी गोळी बंद केली, दोन पिशव्या रक्त दिलं. जीसिक्सपीडीची तपासणी मात्र नॉर्मल आली. आता तो बरा आहे. उरलेल्या गोळ्या द्यायच्या का? लोहाचं टॉनिक आणलंय, ते चालेल? शेजारीण म्हणते वाल देऊ नको. धाकट्यालाही हे होईल का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं सांगते. उरलेलं पाकीट आजच घरातून काढा. रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्यातली एकही द्यायची नाही.

तो रिपोर्ट चुकीच्या वेळचा आहे. जीसिक्सपीडी हे लाल पेशीला सांभाळणारं एन्झाइम. ते कमी असलेल्या माणसाला एरवी काही होत नाही, पण प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशी फुटायला लागतात. (हा दोष सापडला तोच या औषधामुळे, १९५६ साली.) आधी फुटतात त्या जुन्या पेशी, कारण त्यांच्यात एन्झाइम सगळ्यात कमी उरलेलं असतं. मागे राहतात त्या कोवळ्या, आणि त्यांच्यात ते बऱ्यापैकी असतं. शिवाय मुलाच्या अंगात दोन पिशव्या परक्या पेशी आहेत. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून तपासणी आता जानेवारीत पुन्हा करा.

तोवर ताप आला तर लगेच मलेरियासाठी रक्त तपासा. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. प्रायमाक्विन देतात ते त्यासाठीच. कमतरता पक्की ठरली तर आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे ते देण्याची पद्धत आहे. पण एवढं रक्त उतरलेल्या मुलाला ते द्यायचं का, हे फिजिशियनने समोर बसवूनच ठरवायला हवं.

मुळीच्या रसात दोन दिवस गेले म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंय, ते पत्रातून कळतं. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. मालवणात नवीन दवाखाना होता तेव्हा एका पिवळ्या पडलेल्या मुलाला मी दोन दिवस यकृताची कावीळ म्हणून ग्लुकोज पाजत बसले. तिसऱ्या दिवशी त्याच्या आजीने काचेच्या बाटलीत लघवी आणली. ‘डॉक्टरांनू, ह्यां जरा बघा.’ मी बाटली खिडकीशी धरली. यकृताच्या काविळीत लघवी गर्द हळदी दिसते. ही तांबूस काळी होती, पलीकडचा माड दिसेना. पट्टीवर रक्त आलं, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकही लाल पेशी नव्हती. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिनच लघवीत उतरलं होतं. तेव्हापासून पिवळ्या डोळ्यांचा कुणीही आला की मी पारदर्शक बाटली देते. मात्र लघवी साधी दिसली म्हणून रक्त फुटत नाही असंही नाही; काही प्रकारांत पेशी प्लीहेत मोडतात आणि लघवीचा रंग फारसा बदलत नाही.

संशय आला की रक्ताची काच, रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी), पेशी फुटल्या की वाढणारं इनडायरेक्ट बिलिरुबिन आणि एलडीएच, आणि कूम्ब्स टेस्ट हे सगळं एकत्र बघतात. कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे शरीरच आपल्या पेशींवर उलटलेलं. तिथे स्टेरॉइड लागतं. तुमच्या मुलाच्या प्रकारात त्याचा उपयोग नाही. औषध थांबवणं, मूत्रपिंडं जपणं आणि गरज पडली तर रक्त देणं हाच उपचार. पावसाळ्यात आपल्याकडे पिवळे डोळे आणि ताप म्हटलं की लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) तपासायलाच हवा.

टॉनिक नको. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळालंच आहे. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांना विचारून काही आठवडे द्या. मासे, सोलकढी, मीठ, सगळं खाऊ दे. वालाची उसळही. अपाय करतो तो बाकला, फावा बीन. आपले कडवे वाल वेगळे. खरी भीती डांबरगोळ्यांची. दमट हवेमुळे आपण ट्रंकेत वाकळी आणि बाळाची झबली त्यांच्यातच ठेवतो. असा दोष असलेल्या तान्ह्या बाळाला त्या कपड्यांनीही कावीळ होऊ शकते. प्रायमाक्विनसारखीच टाळायची औषधं म्हणजे कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन; ही नावं कागदावर लिहून मुलाच्या पाकिटात ठेवा. बोटीवर कुणीही कुठलीही गोळी देतं.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला तो आईकडून मिळतो. यात तुमचा काही अपराध नाही, ताई. तुम्हाला ते कळायला मार्गच नव्हता. थोरल्याचं निदान पक्कं झालं तर धाकट्यालाही तो असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. त्याची तपासणी मात्र या आठवड्यातच करा. त्याचं रक्त फुटलेलं नाही, त्याला जानेवारीपर्यंत थांबायला नको.