वायपर बदलूनही काच धूसर दिसते, त्याबद्दल

दोनदा वायपर बदलले, दुसऱ्या वेळी तर महागातले फ्लॅटवाले (लोखंडी फ्रेम नसलेले) घेतले, तरी ताम्हिणीत रात्री समोरून गाडी आली की काच पांढरी होते आणि वर तो चर्रर्र आवाज, असं तुम्ही म्हणताय. तिसरी जोडी अजून घेऊ नका, आधी काच बघा. नव्या ब्लेडवरही हाच त्रास असेल तर बहुतेक वेळा काचेवर तेलकट थर चढलेला असतो.

हा थर येतो कुठून तर पुढच्या ट्रकचा धूर, रस्त्यावरचं ऑइल न डांबर, आणि मुख्य म्हणजे वॉशिंग सेंटर, तिथे बॉडीचं पॉलिश, टायर चमकवायचं सिलिकॉन सगळं एकाच फडक्याने होतं आणि तेच फडकं शेवटी काचेवर. सावलीत काच गार असताना मगभर पाणी ओतून बघा. पाणी सलग पसरत खाली उतरलं तर काच साफ, तुटक तुटक थेंब राहिले तर थर आहे. (मुद्दाम रेन रिपेलंट, म्हणजे पाणी झटकणारं लिक्विड, लावलं असेल तर थेंब होणारच, पण मग वायपर उड्या मारायला तेही एक कारण असू शकतं.)

काढताना आधी नुसत्या पाण्याने धूळ घालवा, मग भांडी घासायचं लिक्विड अगदी थोडं पाण्यात घालून मायक्रोफायबरने घासा, भरपूर पाण्याने धुवा, आणि शेवटी मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं त्याचा हात फिरवा. तरी थेंब तुटत असतील तर क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, काच ओली ठेवूनच. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून काही करू नका प्लीज. रबराची कडही ओल्या फडक्याने पुसा, थोडं काळं येतं ते बऱ्याचदा ग्राफाइटचं असतं, पार निघेपर्यंत घासत बसायचं नाही. आणि आतली बाजू! डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून त्याची वाफ काचेवर बसते, रात्री लाइट पसरतो त्यात तिचा मोठा वाटा असतो, आणि ती बाजू कोणी पुसतच नाही.

एवढं करून आवाज राहिला तर वायपरचा दांडा बघायचा. ब्लेड एका दिशेला गुपचूप जातं आणि परत येताना थरथरतं, म्हणजे दांडा किंचित पिळलाय, रबर काचेला सरळ टेकत नाही. हे मेकॅनिककडून करून घ्या, घरी पक्कड लावू नका. बारीक रेघा उठत असतील तर रबराची कड फाटलीय किंवा खडा अडकलाय. मधलाच पट्टा पुसला जात नसेल तर फ्लॅट ब्लेडची गोलाई तुमच्या काचेला जुळत नाही किंवा दांड्याची स्प्रिंग ढिली झालीय. गोलाई जुळत नसेल तर साधं फ्रेमवालं ब्लेड जास्त चांगलं पुसतं, महाग म्हणजे चांगलं असं इथे काही नाही. कितीतरी फ्रेमवाल्यांची नुसती रबर पट्टीपण मिळते, दुकानदार आपणहून सांगत नाही.

पुढे कधी घ्याल तेव्हा टेपने मोजा, ड्रायव्हरचं आणि बाजूचं बहुतेक गाड्यांत वेगळ्या मापाचं असतं, माप इंचात (24 इंच म्हणजे साधारण 600 मिमी). हौसेने मोठं घेऊ नका, दोन्ही एकमेकांवर आपटतात नाहीतर काचेच्या बाजूच्या खांबाला (पिलर) लागतात. ब्लेड अडकवायला आपल्याकडे दांड्याच्या टोकाला यू हुकच जास्त, तरी दांड्याचा फोटो दुकानात दाखवा. खरेदी मे संपताना करा, मार्चमध्ये लावलेलं रबर दोन महिने उन्हात भाजून पावसाच्या तोंडावर कडक होतं. आणि जुनं ब्लेड काढलं की काचेवर जाड टॉवेल टाकून ठेवा, नुसता लोखंडी दांडा सटकन खाली आला तर काच गेली.

घाटात काच पांढरी होते ती आतल्या वाफेने की बाहेरच्या तेही बघा. आतून बोट फिरवून साफ झाली तर वाफ आतली, एसी चालू, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. वायपर मारल्यावर साफ होऊन लगेच परत येत असेल तर ती बाहेरची, एसीने काच गार झालीय, मग टेंपरेचर वाढवा आणि काचेवरचा झोत बंद करा. कोकणात उतरताना हे हमखास होतं आणि लोक नेमका एसी अजून वाढवतात.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी नको, क्षार साचून नोझल बुजतं, बुजलंच तर टाचणीने मोकळं होतं. कोरड्या धुळीवर वायपर कधीच नाही, आधी पाणी मारा, नाहीतर अर्धगोल ओरखडे पडतात आणि ते पॉलिशनेही नीट जात नाहीत. पूर्वी वायपर बंद पडला की ट्रकवाले काचेला तंबाखू चोळायचे, पाणी थेंब न धरता सपाट पसरायचं, गाव येईपर्यंत निभावायचं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये :)

गाडी कुठली, कुठल्या सालची ते लिहिलं नाहीत. पाण्याची टेस्ट करून काय दिसलं ते आणि गाडीचं मॉडेल सांगा, मग ब्लेडचं बघू.