तुळशीच्या लग्नाआधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता, मी सकाळी चहाच्या वेळी वाचला. "ताई, दिवाळीत घरी जातेय. मला मुली आवडतात हे आईला सांगून टाकू का?" आणि खाली आईने पाठवलेला बायोडेटा. मुलगा इंजिनिअर, उंची पाच फूट नऊ, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. (तू मला ताई म्हणतेस, पण मी तुझ्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तिची काळजीही मला कळते, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.)

माझं मत असं : आईला आत्ता सांगितलं नाहीस तरी चालेल. लग्नाला मात्र हो म्हणू नकोस.

माझ्या एका मैत्रिणीने १९९६ मध्ये "सगळ्यांच्या समाधानासाठी" लग्न केलं. नवरा दारुडा असता, मारणारा असता, तर चार लोक तिच्या बाजूने उभे राहिले असते. पण तो भला माणूस होता. आपलं काय चुकतंय ते त्याला अकरा वर्षं कळलं नाही. शेवटी तो स्वतःच डॉक्टरकडे जायला लागला. घटस्फोट झाला तेव्हा ती सुटली, पण तो आजही मला कुठे दिसला की मी रस्ता बदलते.

तुझ्या ओळखीतला तो गे मुलगा म्हणतोय ना, "आपण दोघंच लग्न करू, घरचे गप्प बसतील"? घरचे सहा महिने गप्प बसतात. मग "गोड बातमी कधी?" सुरू होतं. दोन्ही घरांचे सणवार, सासूचं आजारपण, दागिने, कर्ज, हे सगळं खरंच असतं गं, नाटकातलं नसतं.

नकार देताना कारण देऊ नकोस. करिअर म्हटलंस की लग्नानंतरही नोकरी करू देणारं स्थळ येतं. मुलगा पसंत नाही म्हटलंस की दुसरा येतो. मी एकदा पत्रिकेत मंगळ आहे म्हणून सुटायला गेले, तर पंधरा दिवसांत खास मंगळाचाच मुलगा शोधून आणला! "मला लग्न करायचं नाही" एवढंच वाक्य, दरवेळी तेच. आई रडेल. तूही रड, पण वाक्य बदलू नकोस.

आता आमचं सांगते. आम्ही दोघी १९९९ पासून एकत्र राहतो. भाड्याचं घर मिळायला त्रास झाला नाही, "दोघी नोकरदार मुली" म्हटल्यावर मालकाने भाडंसुद्धा कमी केलं. दोन मुलगे गेले की बॅचलर नकोत म्हणतात. तिशी-पस्तिशीतले असले तर नजरा बदलतात. बायकांकडे कोणी त्या नजरेने बघतच नाही, आणि याचा आम्हाला फायदाच झाला. तोटाही तिथेच. आमच्यात काही आहे हेच कुणाला सुचत नाही. १९९५ मध्ये मुंबईत स्त्री संगम नावाचा आपल्यासारख्या बायकांचा गट सुरू झाला होता, आणि मला त्याची खबर दहा वर्षांनी लागली. तोवर मला वाटायचं, आख्ख्या महाराष्ट्रात आम्ही दोघीच.

सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हाला बोलावणं नसायचं. मग खालच्या मजल्यावरच्या काकू एका वर्षी स्वतः वर आल्या, दारातच दोघींना कुंकू लावलं, आणि वाण म्हणून स्टीलचे दोन डबे दिले, एकाच मापाचे. विचारलं काही नाही. त्यांना कळलंय की नाही, यावर आमच्या घरी अजून वाद होतो.

पण काकूंच्या भरवशावर आयुष्य काढता येत नाही. हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर "रुग्णाशी नाते" हा रकाना होता. मी "बहीण" लिहिलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, आडनावं वेगळी कशी? म्हटलं, लग्नानंतरचं. एका शब्दात मला नवराही मिळाला. संध्याकाळी हिचा खरा भाऊ गावाहून आला आणि म्हणाला, "आता घरचे आलेत, तुम्ही निघा." मी पार्किंगजवळच्या बाकावर रात्री दहापर्यंत बसले. हिचा चष्मा माझ्या पर्समध्येच राहिला होता. शुद्धीवर आल्यावर ही तोच मागत होती.

त्यानंतर आम्ही कागद केले. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला सोडवलं, त्या दिवशी ऑफिसात सगळे टीव्हीसमोर होते आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाची मान्यता मिळाली नाही, म्हणजे रकान्यात लिहायला आपल्याकडे अजूनही शब्द नाही. मग जे मिळतं ते घ्यायचं. बँकेत जोड खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी लावता येतं, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. काउंटरवर कोणी नाक मुरडलं तर त्याला हेच सांग. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस पुढे दावा सांगू शकतात. त्यामुळे मृत्युपत्र हवंच. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही केली. तुला तेविसाव्या वर्षी हे हसण्यासारखं वाटेल. हस, पण लक्षात ठेव.

घरी कळलंच तर कोणी डॉक्टरकडे नेऊन "बरं करू" म्हणेल. हा आजार नाही, आणि असले उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. बुवाबाबांना हे कोणी कळवलेलं नाही, त्यांच्यापासून तूच सांभाळ. आणि सज्ञान मुलीला कोंडून ठेवता येत नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडवलेल्या अशाच एका मुलीला तिच्या इच्छेप्रमाणे मैत्रिणीबरोबर जाऊ दिलं. तरी कोर्टापर्यंत जायची वेळ येऊ नये, म्हणून आधी सोय कर. भाडेकरार तुझ्या नावावर, पगार तुझ्या एकटीच्या खात्यात, सहा महिने निघतील एवढे पैसे बाजूला. सांगायचंच झालं तर आधी त्या मावसभावाला सांग, जो तुला गाडी शिकवायला यायचा. तो काय करतो ते बघ. मग आईचं ठरव.

माझ्या आईला मी कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत दोन नऊवारी निघाल्या, एकावर माझ्या नावाची चिठ्ठी, दुसरीवर हिच्या.

असो. दिवाळीला जाशील तेव्हा आईच्या कपाटातून तुझी ओरिजिनल मार्कलिस्ट, जन्मदाखला, पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये. ऑफिसात लागतंय म्हण, एवढं खोटं चालतं. आणि परतताना एक रात्र आमच्याकडे उतर, ही चकल्या ठेवणार आहे तुझ्यासाठी.

तुझी,
ताई