फोन पाण्यात पडलाच नाही, तरी ‘लिक्विड डॅमेज’ सांगून वॉरंटी नाकारली. आता काय करता येईल?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलेलं असं: आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी अडवणारा म्हणून विकलेला फोन, घेऊन दहा महिने झालेत. जुलैत केबलने चार्ज होणं बंद झालं. अंधेरीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सिमच्या खाचेतला लाल ठिपका दाखवला, ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटी गेली’ असं तोंडी सांगितलं आणि पूर्ण बोर्ड (आतली मुख्य सर्किट पाटी) बदलायचा खर्च फोनच्या निम्म्या किमतीच्या वर काढला. तुम्ही बोरिवलीला राहता आणि नंबर ई-सिमवर, म्हणजे सुट्या कार्डाऐवजी फोनच्या बोर्डातच असलेल्या सिमवर आहे.

सगळ्यात आधी एक करा: वाद मिटेपर्यंत हा फोन बाहेर कुठेही उघडायला देऊ नका. लॅमिंग्टन रोडला चांगले कारागीर आहेत, त्यातला एखादा नुसता सीसी बोर्ड (चार्जिंग पोर्टचा छोटा बोर्ड) बदलून चार्जिंग सुरूही करून देईल. पण एकदा मागचं झाकण निघालं की कंपनी ‘फोन आधीच उघडलाय’ एवढं एकच वाक्य लिहील आणि पाण्याचा मुद्दा बाजूलाच राहील.

आता तो लाल ठिपका. त्याला एलसीआय (लिक्विड कॉन्टॅक्ट इंडिकेटर), म्हणजे ओल लागल्याची खूण, म्हणतात. कागदासारखी बारीक चकती असते, मूळ रंग पांढरा किंवा चंदेरी, पाणी लागलं की आतला रंग फुटून ती लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. फोनमध्ये अशी एकच चकती नसते. एक सिमच्या खाचेत टॉर्च मारून दिसते. बाकीच्या आत, बोर्डावर कनेक्टरजवळ किंवा बॅटरीपाशी लावलेल्या असतात, त्या फोन उघडल्याशिवाय दिसत नाहीत. काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा फक्त बाहेरची बघतो. सिमचा ट्रे काढलेला असताना ओलं बोट लागलं, किंवा ट्रेच्या कडेचं बारीक रबर दबून गेलं असेल, तरी ती लाल होऊ शकते. त्यावरून ओल खाचेपर्यंत पोचली एवढंच कळतं. चार्जिंग त्या ओलीमुळेच गेलं, हे त्यावरून कळत नाही.

वॉरंटीच्या अटींत बहुधा ‘द्रवाच्या संपर्कामुळे झालेलं नुकसान’ अशा अर्थाचं वाक्य असतं. तुमच्या फोनच्या अटी कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि ते वाक्य शोधा. सगळी भिस्त त्यातल्या ‘मुळे’वर आहे. ठिपका लाल आहे हे त्यांनी दाखवलं; बिघाड पाण्यामुळे झाला हे अजून दाखवलेलं नाही, आणि ते लेखी दाखवायला लावणं हेच तुमचं पहिलं काम. शिवाय सीलबंद म्हणून विकलेल्या फोनच्या ट्रेचं रबर दहा महिन्यांत ओल अडवू शकलं नसेल, तर तो फोनचा दोष का धरू नये, हाही प्रश्न विचारा.

आयपी६८ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते. शॉवरची धार, साबणाचं पाणी, वाफ, जुहूचं खारं पाणी यातलं काहीच त्यात येत नाही. फोनची कड चिकटवणारा गोंद उष्णतेने आणि आपटण्याने सैल होत जातो. आयफोनच्या माहितीपत्रकात वापराची आर्द्रता ५ ते ९५ टक्के लिहिली आहे, पण पुढे ‘दव न धरणारी’ ही अटही आहे. आपल्याकडे जुलैत एसी लोकलमधून उतरून प्लॅटफॉर्मवर आलं की चष्म्यावर वाफ धरते, तशीच ती थंड फोनवर आणि चार्जिंगच्या पोर्टमध्येही धरते. म्हणजे पाण्यात न पडलेल्या फोनलाही मुंबईत ओल लागते.

जाहिरातीत फोनवर पाणी ओतायचं आणि वॉरंटीत पाण्याचं नाव काढलं की हात वर करायचे, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. बाहेर यावर कारवाई झालेली आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरो दंड केला: पाणी-प्रतिरोधाचा दावा कुठल्या परिस्थितीत खरा हे नीट सांगितलं नाही, आणि वॉरंटी मात्र पाण्यासाठी नाकारली. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. जाहिरातीत फोन स्विमिंग पूल आणि समुद्रात वापरताना दाखवले होते, आणि पोर्ट ओलं असताना चार्ज केलं तर ते गंजतं हे कंपनीने कबूल केलं. आपल्या ग्राहक आयोगावर हे निर्णय बंधनकारक नाहीत, पण तक्रारीत एका ओळीत उल्लेख जरूर करा. तुमच्या मॉडेलच्या जाहिरातीत किंवा वेबसाइटवर पाण्याचं चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट आजच काढून ठेवा, अशी पानं बदलत असतात.

पुन्हा सेंटरला जाण्याआधी घरी हे करून घ्या. टॉर्च लावून सिमच्या खाचेचा आणि चार्जिंग पोर्टचा जवळून फोटो काढा. पोर्टच्या मधल्या जिभेवर बारीक सोनेरी पिना दिसतील. हिरवट-पांढरी बुरशीसारखी कड किंवा काळपट डाग दिसला तर तो गंज आहे. ओल्या पोर्टला चार्जर लावला की पाच व्होल्ट येणाऱ्या पिना सगळ्यात आधी गंजतात. असं असेल तरी ते नुकसान पोर्टपुरतं असू शकतं, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर किंवा पट्टीवर असतो. मग पूर्ण बोर्ड कशाला, हा तुमचा रास्त प्रश्न. पिना स्वच्छ असतील तर तुमची बाजू आणखी भक्कम. *#०६# लावून आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) स्क्रीनवर आणा आणि त्यासकट फोनचा चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या. फोन वायरलेस चार्जिंगचा असेल तर तेवढ्यावर चालू ठेवून बॅकअप पूर्ण करा.

पासवर्ड कुणालाही देऊ नका, तुमची माहिती झाकून फोन दुरुस्तीला देता येतो. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, आणि आयफोनवर आयओएस १७.५ पासून ‘फाइंड माय’ बंद न करता फोन दुरुस्तीला देता येतो.

सेंटरमध्ये हुज्जत घालू नका, जॉबशीट, म्हणजे फोन घेतल्याची आणि तपासल्याची लेखी नोंद, मागा. जॉबशीट न देता फोन परत केला तर तुम्ही तिथे गेला होता याचा पुरावाच राहत नाही. जॉबशीटवर आयएमईआय, तुम्ही सांगितलेली तक्रार, फोनची बाहेरची स्थिती आणि इंजिनियरचं निरीक्षण हे चारही लिहिलेलं पाहिजे. सही करण्याआधी तुमच्या हाताने खाली लिहा: ‘फोन पाण्यात पडलेला नाही. आतली एलसीआय कोणत्या रंगाची आहे, गंज नेमका कुठे आहे आणि त्याचा चार्जिंगच्या बिघाडाशी संबंध काय, हे फोटोसह लेखी द्यावे.’ आधीच ‘लिक्विड डॅमेज मान्य’ छापलेल्या जागेवर सही करू नका. फारच अडले तर ‘अमान्य’ लिहून करा. फोन उघडताना समोर उभं राहू देत नसतील तर आतले फोटो मेलवर मागा. आतल्या चकत्या पांढऱ्या निघाल्या तर प्रकरण तिथल्या तिथे मिटायची शक्यता चांगली असते, कारण मग इंजिनियरलाच पाण्याचं कारण लिहिणं जड जातं.

तरीही नकारच आला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. बिल, जॉबशीट आणि फोटो जोडा. ऑनलाइन घेतला असेल तर विकणाऱ्या साइटलाही त्याच मेलमध्ये घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे विचारा; १९७५ पासून ही संस्था हेच काम करते.

त्यानंतर कंपनीला पंधरा दिवसांची नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्व, चेतना कॉलेजजवळ. शहरात राहणाऱ्यांसाठी परळ. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे वाढ देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणूनच फोन न उघडलेला ठेवायला सांगितलं. मागणी ठोस लिहा: मोफत दुरुस्ती, नाहीतर बदली, नाहीतर बिलाची रक्कम, अधिक खर्च. कायद्यात निकालाची मुदत तीन ते पाच महिने असली तरी प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा.

ई-सिमचं काम मात्र या सगळ्याच्या आधी. बोर्ड बदलला की जुन्या बोर्डातलं ई-सिम त्याच्याबरोबर जातं, आणि फोन मेल्यावर नवं मागायला गेलात की पडताळणीचा ओटीपी त्याच नंबरवर पाठवतात. म्हणून फोन चालू आहे तोवर मोबाइल कंपनीच्या गॅलरीत मूळ ओळखपत्र घेऊन जा आणि नंबर साध्या सिमवर करून घ्या. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठीचा हा दूरसंचार विभागाचा नियम आहे. त्या काळात बँकेचा ओटीपी मिळणार नाही, आणि दुसऱ्या हँडसेटवर यूपीआय सुरू करायला फोनमधून एसएमएस जावा लागतो, तोही अडेल. हप्ता किंवा भाडं भरायच्या दिवसाच्या तोंडावर हे करू नका. २४ तास उलटूनही सेवा सुरू झाली नाही तर मोबाइल कंपनीकडे तक्रार करा, तिचा डॉकेट नंबर (नोंद क्रमांक) घ्या, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. मोबाइल कंपनीविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलेलं आहे.

फोन दुरुस्त किंवा बदलून मिळाला तर काउंटर सोडण्याआधी पुन्हा *#०६# लावा. बोर्ड किंवा हँडसेट बदलला असेल तर आयएमईआय नवा असू शकतो. तो जॉबशीटवर लिहून घ्या आणि मूळ बिलाला जोडा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस केला की नोंदलेला ब्रँड आणि मॉडेल कळतं. ते जुळलं तरच पावतीवर सही करा.