वाचक विचारतात : होडी ओढण्यासाठी पिकअप कोणता घ्यावा?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही दोघे भाऊ ऊसशेती करतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत गावाला पाण्याचा वेढा पडला, तेव्हा पहिली काही माणसे आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली होती. त्यानंतर गावातील तरुण मंडळाने वर्गणी काढून सोळा फुटी फायबरची होडी घेतली. तिचे नुसते वजन ३५० किलो असून तिला ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. आजवर ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून नेत आलो. आता घरी नवी गाडी घ्यायची आहेच, तर पावसाळ्यात होडीचा ट्रेलर ओढेल, एरवी शेताला आणि घराला उपयोगी पडेल आणि हिवाळ्यात एखाददुसऱ्या वेळी गगनबावड्यावरून होडी मालवणला नेता येईल, असा पिकअप हवा आहे. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आणि महिंद्रा बोलेरो कॅम्पर या तीन गाड्या पाहून आलो. एका ठिकाणी ‘ही गाडी साडेतीन टन ओढते’ असे सांगण्यात आले. आम्ही किती टन ओढणारी गाडी घ्यावी? – दोघे बंधू, शिरोळ तालुका

उत्तर : आपण होडीचे वजन पत्रात लिहिले, याबद्दल आधी आपले आभार मानतो, कारण असे प्रश्न विचारणारे बहुतेक वाचक गाडीचे नाव लिहितात आणि होडीचे वजन लिहायचे विसरतात. मात्र गाडीला ओढावे लागणारे वजन ३५० किलो नाही. चार-स्ट्रोक प्रकारचे ४० अश्वशक्तीचे इंजिन साधारण ९५ किलो भरते (दोन-स्ट्रोक असल्यास वीसेक किलो कमी धरावेत), पन्नास लिटर पेट्रोलचे ३७ किलो होतात, लाइफ जॅकेट, नांगर, दोर, वल्ही आणि बॅटरी मिळून ७० किलो सहज होतात आणि लोखंडी ट्रेलर २५० किलोंचा धरला तरी बेरीज ८०० किलोंवर जाते. पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या होडीत शंभर लिटर पाणी साचले, तर त्याचे आणखी शंभर किलो होतात. म्हणून निघण्यापूर्वी तळाचे बूच काढून पाणी वाहू द्यावे आणि होडी नदीत सोडण्यापूर्वी ते आठवणीने परत लावावे. हा सगळा हिशेब कागदावरचा आहे. ट्रेलर पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर नेणे उत्तम. उसाच्या वजनाबाबत काट्यासंबंधी आपल्या मनात जी शंका कायम असते, ती या वेळी बाजूला ठेवायला हरकत नाही, कारण इथे काटामारी करून कोणाचाच फायदा होत नाही.

आता साडेतीन टनांविषयी. हायलक्स आणि व्ही-क्रॉसची परदेशी भावंडे ऑस्ट्रेलिया-युरोपात ३,५०० किलो ओढण्यास मान्यता असलेली आहेत, ही गोष्ट खरी आहे. परंतु तो आकडा ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत त्याच्यापुरता असतो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी तिथेच, त्याच गाड्यांना, मर्यादा ७५० किलो आहे. शिवाय आपल्याला बंधनकारक ठरतो तो भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा. विक्रेत्याने तोंडी सांगितलेले मान्य करू नये. पुस्तिकेतील पान उघडून दाखवण्यास सांगावे, आणि तिथे ट्रेलरचा उल्लेखच नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागावे.

आपली होडी साडेसातशेच्या रेषेच्या थोडी पलीकडे आहे, म्हणजे गाडीच्या निवडीपूर्वी ट्रेलरला ब्रेक असण्याचा निर्णय व्हायला हवा. माझ्या मते तुमच्या प्रश्नातील खरी मेख इथेच आहे. आठशे किलो ओढणे तुमच्या यादीतील कोणत्याही गाडीला जड नाही. मागून आठशे किलो ढकलत असताना गगनबावड्याहून उतरणाऱ्या करूळ घाटाच्या वळणावर गाडी थांबवणे मात्र जड आहे. त्यासाठी ट्रेलरला ‘ओव्हररन’ पद्धतीचे ब्रेक बसवून घ्यावेत. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडाजवळचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आपोआप दाबले जातात, इतकी साधी ही रचना असून तिला वीजजोडणीही लागत नाही. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा एस.टी.च्या चालकांचा जुना नियम ट्रेलरला अधिकच लागू पडतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सोडतात.

दुसरी बाब जोडावर पडणाऱ्या भाराची आहे. होडीच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सात ते दहा टक्के भार गाडीच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर अडकतो त्या मागील गोळ्यावर) उभा पडला पाहिजे, म्हणजे आपल्या बाबतीत साठ ते ऐंशी किलो. आउटबोर्ड इंजिन मागे टांगलेले असल्यामुळे होडी जात्याच मागे जड असते, आणि हा भार कमी झाला की महामार्गावर साठ-सत्तरच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवू लागतो. एकदा सुरू झालेली ती डुलकी वेग वाढवून थांबत नाही. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून, ब्रेक न मारता, केवळ अॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा. भार मोजण्यासाठी घरातील माणसे तोलण्याचा काटा पुरतो : ट्रेलर सपाट जागी समतल ठेवून त्याचे तोंड काट्यावर टेकवावे आणि आकडा कमी आल्यास ट्रेलरवरील होडी थोडी पुढे सरकवावी. हे साठ-ऐंशी किलो गाडीच्या हौद्यातील मालात धरायचे असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

टो-हुक चॅसिसला बोल्टने आवळलेला हवा. बंपरला वेल्डिंग केलेला दिखाऊ हुक गाडी ढकलून नेण्यापुरताच ठीक. बॉल ५० मिलिमीटरचा की दोन इंची, हे कपलरवरील, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावरील, खुणेशी ताडून पाहावे. दोहोंत फरक एका मिलिमीटरहून कमी असला, तरी दोन इंची कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलवर सैल बसतो आणि खड्ड्यात उसळी घेतो. सुरक्षा-साखळ्या दोन असाव्यात आणि त्या जोडाखालून एकमेकींना छेदून बांधाव्यात, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

एवढे झाल्यावर गाडीकडे येऊ. कॅम्परचे अडीच लिटरचे इंजिन ७५ अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर जोर देते. ही गाडी शेतीच्या कामाला चिवट आहे, हौद्यात टनभर माल नेते आणि दुरुस्तीला गावातला मिस्त्रीही पुरतो. परंतु पाच माणसे, सामान आणि मागे आठशे किलो घेऊन करूळचा चढ चढताना तिचा जीव मेटाकुटीला येईल. मालवणचा बेत यादीतून काढून टाकलात, तर मी बिनदिक्कत कॅम्परच सुचवेन. व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर देते, तर हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन २०४ अश्वशक्ती देते आणि त्याचा जोर मॅन्युअलमध्ये ४२०, तर ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर आहे. आपल्या वजनाला व्ही-क्रॉस पुरेशी असून वर्षातून दोन फेऱ्यांसाठी हायलक्सचे जास्तीचे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. त्या फरकात ब्रेकचा, जस्तलेपित चांगला ट्रेलर येईल आणि तो खर्च अधिक शहाणपणाचा ठरेल. व्ही-क्रॉस घेताना मात्र ती फोर-बाय-फोर असल्याची खात्री करावी, कारण तिच्या काही प्रकारांत केवळ मागच्या चाकांनाच जोर मिळतो. ऑटोमॅटिक परवडत असेल तर तीच घ्यावी. उतारावर होडी पाण्यात सोडताना आणि ओढून वर काढताना गाडी इंचाइंचाने सरकवावी लागते आणि मॅन्युअल गाडीचा क्लच त्या कामात जळतो. या दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरहून लांब आहेत. सहा मीटरांचा ट्रेलर जोडल्यावर गावातील कोणत्या बोळातून वळता येईल, हे गाडी नोंदवण्यापूर्वी दोरी धरून मोजून पाहावे.

एक गोष्ट आपणास अप्रिय वाटेल, तरी सांगतो. पुराच्या वेळी आपल्या मळीच्या रानात फोर-बाय-फोर गाडीवर विसंबू नका. काळ्या चिकण मातीत टायरच्या नक्षीत चिखल एकदा भरला की चारही चाके जागच्या जागी फिरतात आणि मागे ट्रेलर असलेली रुतलेली गाडी बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. तेव्हा पिकअपने होडी डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत आणावी आणि तिथून पाण्यापर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर ट्रॅक्टरने न्यावी. ट्रॅक्टरलाही तोच कपलर जोडता येईल असा बॉल आताच बसवून ठेवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो बंद पडतो, हे दोन्ही महापुरांत आपण पाहिलेच आहे; त्यामुळे होडी गावातच ठेवावी, कोल्हापुरात दुरुस्तीला ठेवलेली होडी ऐन वेळी कामाची नाही.

प्रश्न : माझ्याकडे बारा फुटी अॅल्युमिनियमची वल्ह्यांची होडी असून तिचे वजन ७० किलो आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही आहे. काळम्मावाडी धरणाच्या जलाशयावर परवानगी घेऊन जाण्यासाठी पिकअप घ्यावा का? – एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. सत्तर किलोंच्या होडीसाठी पिकअप म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे होय. हलका ट्रेलर आपली गाडी ओढेल, मात्र तिच्या पुस्तिकेत ट्रेलरला मनाई नाही ना, हे पाहून घ्यावे. अडचण येईल ती काठावर : ट्रेलरचा भार मागे पडून पुढची चाके हलकी होतात आणि शेवाळलेल्या उतारावर तीच चाके गाडीला वर ओढणारी असल्याने ती घसरतात. त्यामुळे गाडी कोरड्या जागी उभी करून होडी दोघांनी हातांनी उचलून पाण्यात न्यावी.

प्रश्न : आमच्या होडीच्या ट्रेलरचे चाकांचे बेअरिंग दर हंगामाला जातात. मिस्त्री म्हणतात की माल हलका येतो. खरे कारण काय असावे? – एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : माल हलका असू शकतो, परंतु माझा संशय आपल्या घाईवर आहे. चाळीस-पन्नास किलोमीटर धावून आलेल्या ट्रेलरचा हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात उतरवला की आतील हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्याने ग्रीस दुधाळ होते, पुढे गंज चढतो आणि बेअरिंग ओरडू लागते. माझ्या एका स्नेह्यांच्या ट्रेलरचे चाक फोंडा घाटाच्या अलीकडे असेच जाम झाले आणि होडी रस्त्याकडेला सोडून त्यांना रात्र गाडीत काढावी लागली. काठावर पोहोचल्यावर हबवर हात ठेवून पाहावा, तो कोमट होईपर्यंत चहा घ्यावा आणि मगच ट्रेलर पाण्यात न्यावा. त्याच वेळी दिव्यांची वायर गाडीपासून सोडवावी, म्हणजे बल्ब टिकतील. पाण्यात टिकणारे मरीन ग्रीस भरावे, हंगामाच्या सुरुवातीला सील बदलावेत आणि खाऱ्या पाण्यात गेलेला ट्रेलर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. सुट्या बेअरिंगचा एक जोड, ग्रीस आणि ट्रेलरच्या मापाचा जॅक गाडीत असावा, कारण गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसेलच असे नाही.

प्रश्न : उद्यमनगरातील एका कारखानदाराने होडीचा ट्रेलर स्वस्तात करून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याला पासिंग लागते का? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तर तशाच फिरताना दिसतात. – एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : लागते. मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे त्याची नोंदणी आवश्यक ठरते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागील बाजूस दिसलाच पाहिजे. ट्रॉल्या बिननंबरी फिरतात म्हणून तसे फिरणे कायदेशीर होत नाही. उद्यमनगरातील कारागिरांच्या हातात कसब आहे, याबद्दल दुमत नाही. अडचण वेल्डिंगची नसून कागदांची आहे. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ट्रेलरचा आराखडा, एक्सलची क्षमता आणि ब्रेकचा तपशील घेऊन आर.टी.ओ. कार्यालयात जावे आणि नोंदणीसाठी कोणती मान्यता लागेल ते विचारून यावे. मान्यताप्राप्त उत्पादकाचा तयार ट्रेलर महाग वाटला, तरी कागदांसह मिळतो. नोंदणी झाल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून घ्यावी, आणि ती नोंद असलेली प्रत हातात येईपर्यंत होडी घाटावर नेऊ नये.